कॅरिबियनला पहिल्यांदा निघालात? आधी तिकिटाचा रस्ता बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॅरिबियन बेटांचे पानभर फोटो छापले, निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं, बघून खूप बरं वाटलं. पण त्या पानावर तिथे जायचं कसं, कुठल्या महिन्यात, बरोबर काय न्यायचं याच्या चार ओळीसुद्धा नव्हत्या. पुरवणी आल्यापासून आमच्या जुळे सोलापुरातल्या तीन घरातून मला फोन आलेत, ताई तुम्ही जाऊन आलात ना, सांगा की जरा. एकेकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा म्हटलं तुम्हालाच लिहावं, छापलंत तर सगळ्यांनाच उपयोग होईल.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, आमचे मिस्टर आणि माझी नणंद. गेल्या वर्षी गड्ड्याची यात्रा आटोपली की फेब्रुवारीत निघालो, आठ दिवस बार्बाडोस आणि पाच दिवस त्रिनिदाद. माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा बार्बाडोसला नोकरीला होता म्हणून धीर झाला. तिघंही साठीच्या आसपासचे, मिस्टरांना बीपी, नणंदेचे गुडघे दुखतात, तरी सगळं नीट पार पडलं, पण सुरुवातीलाच एक मोठा फटका बसला तो आधी सांगते कारण तो दुसऱ्या कुणाला बसू नये असं मला मनापासून वाटतं.

आम्ही ज्यांच्याकडून तिकीट काढलं त्यांनी सांगितलं की बार्बाडोसला भारतीय पासपोर्टला टुरिस्ट व्हिसा लागत नाही, बिनधास्त जा. हे खरंच आहे. बार्बाडोसला लागत नाही, त्रिनिदादला नाही, जमैका, ग्रेनाडा, डॉमिनिका इथेही ठराविक दिवसांसाठी लागत नाही. पण भारतातून तिथे थेट विमान नाहीये, मध्ये कुठेतरी उतरावंच लागतं, आणि आमचं सगळ्यात स्वस्त तिकीट होतं मायामीवरून. तिकीट भाच्याला पाठवलं तर त्याचा रात्री अकराला फोन, "मावशी, अमेरिकेचा व्हिसा आहे का तुमच्याकडे?" म्हटलं आपण कुठे अमेरिकेला चाललोय, दोन तास विमानतळावर तर बसायचंय. तर तो म्हणाला अमेरिकेत तसं चालत नाही, नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात आणि त्यासाठी ट्रान्झिट नाहीतर विझिटर व्हिसा हातात लागतोच. भाचा नसता तर आम्हाला मुंबईलाच चेक-इन काउंटरवरून परत पाठवलं असतं. तिकीटं कॅन्सल केली, तिघांचे मिळून जवळजवळ ७० हजार कापले गेले. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला ही रक्कम विसरणं सोपं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की बेट कुठलं हे नंतर ठरवा, आधी विमान कुठल्या कुठल्या देशात उतरणार आहे ते कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक देशाचा ट्रान्झिटचा नियम त्यांच्या सरकारी साइटवर जाऊन स्वतः वाचा, तिकीट काढणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नका, आणि हे नियम बदलत असतात म्हणून पैसे भरायच्या आठवड्यात परत एकदा बघा. लंडनवरून गेलात तर तिथेही भारतीयांना एकाच विमानतळावर विमान बदलायचं असलं तरी साधारणपणे एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे इमिग्रेशनमधून बाहेर न पडता विमान बदलायचा व्हिसा, लागतो, अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर सूट मिळू शकते. आणि हिथ्रोला उतरून पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकवरून, असेल तर बाहेर पडून रस्त्याने तिकडे जावं लागतं, म्हणजे वेगळा व्हिसा. हे तिकिटावर बारीक अक्षरात असतं, नीट बघा. आम्ही शेवटी सरळ यूकेचा विझिटर व्हिसा काढला आणि जाताना लंडनला दोन दिवस थांबलो. खर्च वाढला, पण मुंबई ते लंडन नऊ-दहा तास आणि पुढे लंडन ते बार्बाडोस परत जवळपास नऊ तास, हे एका दमात केलं असतं तर नणंदेला पहिले तीन दिवस हॉटेलातून उठता आलं नसतं. वयस्क माणसं बरोबर असतील तर मध्ये मुक्काम कराच.

नावांचा पण घोळ होतो. डॉमिनिका वेगळं आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा, बार्बाडोस वेगळं आणि बार्बुडा वेगळं, कॅरिबियनमधलं ग्रेनाडा वेगळं आणि स्पेनमधलं ग्रॅनाडा शहर वेगळं. बुकिंग करताना देशाचं नाव आणि विमानतळाचं नाव दोन्ही वाचून मगच पैसे भरा.

आता यलो फिव्हर, म्हणजे डासांमुळे पसरणारा पिवळा ताप. हे तर कुणीच सांगत नाही. बार्बाडोसला जाऊन सरळ परत आलात तर प्रश्न नाही, पण त्रिनिदाद हे यलो फिव्हरच्या यादीत आहे आणि तिथून भारतात परत येणाऱ्याकडे आपलं सरकार लसीचं कार्ड मागतं. जाताना नव्हे, येताना! कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरवरच मिळते, आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, आणि घेतल्यानंतर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात म्हणून अगदी शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही, निदान महिनाभर आधी उरकून घ्या. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्या माणसांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं कारण त्या वयात या लसीचा त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते, आम्ही मिस्टरांचे बीपीचे रिपोर्ट दाखवूनच घेतली. पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.

कधी जायचं ते सांगते. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, त्यातही ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य सगळ्यात वाईट. २९ जून २०२४ ला आपण बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्यानंतर दोनच दिवसांत बेरिल चक्रीवादळ आलं, बार्बाडोसचा विमानतळ बंद झाला आणि आपली टीम कप घेऊन हॉटेलातच अडकून पडली, खास विमानाने आणावं लागलं. त्या वादळाने ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर तर घरंच्या घरं उडवली. टीमला न्यायला विमान आलं, तुम्हाआम्हाला कोण आणणार? त्यामुळे त्या दिवसात जायचंच असेल तर वादळामुळे ट्रिप रद्द झाली तर पैसे देणारा इन्शुरन्स घ्या, नाहीतर जाऊच नका. अरुबा, बोनेअर, कुरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतात, त्रिनिदादलाही क्वचितच तडाखा बसतो, पण त्रिनिदादला त्या महिन्यात पाऊस भरपूर.

कोरडा, छान हंगाम डिसेंबर ते मे. मात्र डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेची थंडीतली माणसं तिकडे येतात त्यामुळे हॉटेलचे दर सगळ्यात चढे असतात, आम्ही फेब्रुवारीत जाऊन ते भोगलं. त्रिनिदादला कार्निव्हलच्या आठवड्यात तर खोली मिळणंच अवघड, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, तारीख दरवर्षी बदलते म्हणून आधी बघून घ्या. मला परत जायचं असेल तर मी मे महिन्यात जाईन. आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी असते, तिकडची गर्दी ओसरलेली असते, दर उतरलेले असतात आणि वादळांचा हंगाम सुरू व्हायला अवकाश असतो. सोलापूरच्या घरांसाठी यापेक्षा सोयीचा महिना नाही. दिवाळीच्या सुट्टीचा बेत करणाऱ्यांनी मात्र वादळांच्या हंगामाची वरची ३० नोव्हेंबर ही तारीख लक्षात ठेवावी.

दहा दिवसात पाच बेटं असल्या जाहिरातींना भुलू नका हो. नकाशावर ठिपके जवळजवळ दिसतात पण जमैका ते बार्बाडोस हे अंतर जवळजवळ दोन हजार किलोमीटर आहे, सोलापूरहून दिल्लीपेक्षा लांब. बेटाबेटांतली विमानं छोटी, बॅगेचं वजन कमी चालतं, तिकीट महाग आणि वेळा बदलतात. पहिल्यांदा एकच बेट करा, फार तर दोन, ती पण शेजारची. बार्बाडोस ते त्रिनिदाद विमानाने तासाभराचं आहे म्हणून आम्ही ती जोडी केली आणि मला तरी ती योग्यच वाटते, एक समुद्रासाठी आणि एक माणसांसाठी.

पैशांचं मी जरा सविस्तर सांगते कारण माझा जन्म त्यातच गेलाय. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे, १९७५ पासून तो २ ला १ अमेरिकन डॉलर असाच बांधलेला आहे. ग्रेनाडा, सेंट लुशिया, अँटिग्वा, डॉमिनिका वगैरे आठ ठिकाणी ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, तो १९७६ पासून २.७० ला १ अमेरिकन. त्रिनिदादचा डॉलर वेगळा, जमैकाचा वेगळा. आणि सगळे बोलताना नुसतं डॉलर म्हणतात! विमानतळावर टॅक्सीवाल्याने एक आकडा सांगितला, मिस्टर अमेरिकन नोटा मोजायला लागले, भाच्याने थांबवलं, तो बार्बाडोसचे डॉलर म्हणत होता, म्हणजे आम्ही बरोबर दुप्पट देत होतो. त्याची काही चूक नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं किती आणि कुठल्या डॉलरमध्ये हे दोन्ही विचारायचं, तिथे बऱ्याच टॅक्सींना मीटर नसतो. बार्बाडोसला टॅक्सीच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर झेड असतं, त्रिनिदादला एच, ते बघूनच बसा.

अमेरिकन डॉलर आधीच भरून ठेवलेलं फॉरेक्स कार्ड घ्या, आणि रोख १, ५, १० च्या सुट्ट्या नोटा घ्या कारण शंभरची नोट दिलीत तर बाकी पैसे स्थानिक चलनात मिळतात आणि ते चलन तुम्हाला भारतात येऊन कुठेही बदलून मिळत नाही, निघायच्या आधी तिथेच संपवावं लागतं. यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका. हॉटेलचं बिल आलं की सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते वाचा, बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा टक्के लावलेला असतो, मग वर परत टिप द्यायची सक्ती नाही. सगळं महाग वाटेल, कारण खाण्यापिण्याचं बरंचसं सामान बाहेरून जहाजाने येतं. त्याला आमचा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलं आणि फिरायला बसने गेलो. बार्बाडोसच्या बस फार सोयीच्या. सरकारी बस निळी त्यावर पिवळा पट्टा, खाजगी मिनीबस पिवळी त्यावर निळा पट्टा आणि पांढऱ्या व्हॅन मरून पट्ट्याच्या, बेटावर कुठेही जा भाडं एकच, आम्ही गेलो तेव्हा साडेतीन बार्बाडोस डॉलर होतं. सरकारी बसमध्ये सुट्टे परत देत नाहीत, मोजून न्यावे लागतात. स्टॉपवर शहराकडे की शहराबाहेर एवढंच लिहिलेलं असतं, हात केला की थांबते. गाडी भाड्याने घेणाऱ्यांना सांगते, बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका, ग्रेनाडा इथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात, अरुबा, कुरासाव, मार्टिनिकला उजवीकडून.

आता समुद्र. साहेब, आपण सोलापूरची माणसं, आपलं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव नाहीतर कंबर तलाव, आपल्याला समुद्राची समज नसते हे मान्य करूनच पाण्यात उतरावं. बार्बाडोसची पश्चिमेची बाजू म्हणजे कॅरिबियन समुद्र, शांत, पाणी अगदी स्वच्छ, आणि पूर्वेची बाजू म्हणजे अटलांटिक महासागर, तिथल्या लाटा आफ्रिकेपासून न अडता येतात. पूर्वेला बाथशेबा म्हणून जागा आहे, मोठमोठे खडक पाण्यात उभे, बघायला जरूर जा, तासनतास बसा, पण पोहायला उतरू नका. लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी पोरं तिथे दिसतात म्हणून आपणही उतरावं असं नाही. आम्ही ब्रिजटाउनजवळ कार्लाइल बे मध्ये उतरलो, लाइफ जॅकेट घालून, आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून एक मोठं समुद्री कासव शांतपणे गेलं, अंगावर काटा आला माझ्या. कासवांना हात लावू नका आणि खायला घालू नका. ज्या किनाऱ्यावर लाइफगार्ड आहे तिथेच उतरा, लाल झेंडा असेल तर पाय सुद्धा घालू नका. आणि ओढ लागून आत जायला लागलात तर किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन पोहायचं नसतं, दमून माणूस बुडतो, किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जायचं, ओढ संपली की मग बाहेर यायचं, हे मला भाच्याने वाळूत रेघा मारून शिकवलं.

अजून एक झाड. मँचिनील त्याचं नाव, किनाऱ्यावरच असतं, छान दाट सावली आणि खाली हिरवी पिवळी छोट्या सफरचंदासारखी फळं पडलेली. ते फळ विषारी, झाडाचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल पट्टा मारलेला असतो किंवा पाटी असते, पण सगळीकडे नसते. आपल्याकडे झाड दिसलं की सावलीला बसायची सवय, मिस्टर टॉवेल अंथरून बसायच्याच बेतात होते, शेजारून जाणाऱ्या एका बाईने लांबूनच ओरडून उठवलं. लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी ते झाड त्यांना दाखवून ठेवा.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याला एप्रिल-मे मध्ये ४२-४३ ची सवय म्हणून आपण गाफील राहतो. तिथे हवा तिशीच्या आसपास, वर समुद्राचा वारा, ऊन लागतंय हे कळतच नाही, पण ब्रिजटाउन सोलापूरपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ आहे, १३ अंशांवर, आणि पाण्यावरून पण ऊन परत अंगावर येतं. नणंदेचे खांदे दुसऱ्याच दिवशी सोलून निघाले. पूर्ण बाह्यांचा कपडा घालूनच पाण्यात उतरा. सनस्क्रीन घेताना डब्यावर ऑक्सिबेन्झोन नाही ना ते वाचा, त्याने प्रवाळाचं नुकसान होतं म्हणून अरुबा, बोनेअरला त्यावर बंदीच आहे. डास पण आहेत, डेंग्यू चिकुनगुन्या तिकडेही होतो, संध्याकाळी अंगाला लावायचं क्रीम जवळ ठेवा. आणि उन्हाळ्याच्या महिन्यात सर्गासम नावाचं तपकिरी समुद्री गवत ढिगाने वाहून येतं, २०११ पासून हा त्रास वाढलाय, सडलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, ते मुख्यतः अटलांटिकच्या बाजूला लागतं म्हणून हॉटेल घेताना पश्चिमेचा किनारा बघा.

लष्करी ठिपक्यांचे कपडे, ते हिरवे-खाकी डाग डाग असतात ते, बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका आणि अजून बऱ्याच बेटांवर सामान्य माणसाने घालणं कायद्याने गुन्हा आहे. लहान मुलाची चड्डी, टोपी, पाठीवरची बॅग, काहीच चालत नाही. घरीच ठेवा.

शाकाहारी लोकांची काळजी मला सगळ्यात जास्त विचारतात. बार्बाडोसला राइस अँड पीज म्हणून भात मिळतो, त्यातले पीज म्हणजे आपली तूरच, पण त्यात पुष्कळदा खारवलेलं मांस घालून शिजवतात, दिसत नाही, विचारूनच घ्या. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, मासे चिकन मांस काहीच नको असं एकेक नाव घेऊन सांगायचं, लोक चांगले आहेत, समजून घेतात. तिथे सुरतकडून गेलेली गुजराती कुटुंबं पिढ्यानपिढ्या आहेत त्यामुळे डाळ, पीठ, मसाले शोधले की मिळतात. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटल्यांवर पैसे घालवू नका. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, बंद पाकिटात, आणि कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचं सामान आहे म्हणून सरळ लिहिलं, बघितलं आणि जाऊ दिलं. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं मात्र नेऊ नका.

आणि त्रिनिदादला तर जेवणाची चिंताच नाही. खरं तर मला त्रिनिदादबद्दलच जास्त लिहायचंय. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज आपल्या देशातून मजूर घेऊन तिथे पोचलं, उसाच्या मळ्यात राबायला, आणि १९१७ पर्यंत असे जवळजवळ दीड लाख लोक नेले. आज तिथली साधारण एक तृतीयांश माणसं त्यांच्या वंशातली आहेत, ३० मे ला आणि दिवाळीला देशभर सुट्टी असते. आम्ही शगवानस गावाजवळ एका घरात पाहुणे म्हणून उतरलो होतो, खोली भाड्याने देतात ते, तर त्या घरातली नात वडिलांच्या आईला काय म्हणत होती माहितीये, "आजी". अगदी आपल्यासारखं आजी. आजोबांना आजा. भाषा विसरलीय, घरात सगळे इंग्रजी बोलतात, पण तवा, चुल्हा, बेलना, भाजी हे शब्द तसेच. नणंद माझी भाबडी, त्या म्हाताऱ्या आजींचा हात धरून कितीतरी वेळ बसली, दोघींना एकमेकींचं फार काही कळत नव्हतं तरी. त्यांच्या अंगणात बांबूवर रंगीत कापडाच्या झंड्या लावलेल्या, पूजा झाली की लावतात, गल्लीभर घराघरासमोर त्या उंच काठ्या बघून मला आपल्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजच आठवले.

खायला सकाळी रस्त्यावर डबल्स मिळतं, हळद घातलेल्या, तळलेल्या दोन मऊ छोट्या पुऱ्या, त्यांना तिथे 'बारा' म्हणतात, त्यावर छोल्यांसारखी चना भाजी, चिंचेची चटणी, काकडी. पूर्ण शाकाहारी आणि स्वस्त. विक्रेता पेपर, म्हणजे तिखट, किती घालू विचारतो, आपण सोलापूरचे म्हणून ऐटीत जास्त सांगू नका, तिथली मिरची वेगळीच आहे, स्लाइट, म्हणजे थोडंसंच, म्हणा. दालपुरी म्हणून रोटी असते, पोळीत डाळीचं कोरडं सारण, आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. वांग्याचा चोखा, भोपळ्याची तरकारी, सगळं ओळखीचं.

वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ चुकवू नका. सेवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने आधी किनाऱ्यावर देऊळ बांधलं, ती जमीन साखर कंपनीची होती म्हणून ते पाडलं, त्याला तुरुंगात घातलं. सुटल्यावर तो म्हणे जमिनीवर नाही तर नाही, आणि एकटा सायकलवरून दगडमाती नेत वर्षानुवर्षं समुद्रात भर टाकून त्याने तिथे देऊळ उभं केलं. नंतर ते सरकारने नीट बांधून दिलं. तिथून जवळच कारापिचायमाला ८५ फुटी हनुमान आणि दत्ताचं मंदिर आहे. अक्कलकोट, गाणगापूरच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हा माणसांना जगाच्या त्या टोकाला दत्ताच्या पायावर डोकं ठेवायला मिळालं, मिस्टरांच्या डोळ्यात पाणी आलं. संध्याकाळी कारोनीच्या दलदलीत होडीने जा, लालभडक आयबिस पक्षी शेकड्यांनी झाडांवर परततात, हिरवी झाडं लाल दिसायला लागतात. क्रिकेटवाल्यांनी पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल बघावं, १९७१ ला वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते तिथेच, आणि गावसकरांनी त्याच, त्यांच्या पहिल्याच, मालिकेत ७७४ धावा केल्या.

पण पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अंधार पडल्यावर पायी फिरू नका, गुन्हे होतात, तिथलेच लोक आपल्याला बजावून सांगतात. अंगावर सोनं नको, मंगळसूत्र मी साधं मण्यांचं नेलं होतं. ओळखीतून एक ड्रायव्हर दिवसभरासाठी ठरवा. आपलं हाय कमिशन, म्हणजे भारताचा दूतावास, पोर्ट ऑफ स्पेनलाच आहे, नंबर लिहून ठेवा.

आणि कुठल्याही बेटावर दुकानात, बसमध्ये, रस्ता विचारताना आधी गुड मॉर्निंग, गुड आफ्टरनून म्हणा. थेट कामाचं विचारलं तर त्यांना उद्धट वाटतं. त्रिनिदादला तर संध्याकाळी भेटल्यावरसुद्धा गुड नाइट म्हणतात, जा म्हणून नव्हे, या म्हणून. पोहण्याच्या कपड्यांवर गावात फिरू नका. किनाऱ्यावर कुणी नशेची वस्तू विकायला आलं तर नको म्हणून चालू लागा.

बाकी सामानाचं थोडक्यात. बार्बाडोस, त्रिनिदादला वीज ११५ व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, मोबाइल चार्जर चालतो पण आपली पाण्याची इलेक्ट्रिक किटली नीट तापत नाही. ग्रेनाडा, सेंट लुशियाला २३० च्या आसपास आणि प्लग तीन चौकोनी पिनांचा. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि दोन आठवड्यांच्या जास्तीच्या ठेवा. घड्याळ साडेनऊ तास मागे जातं म्हणून बीपीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. मेडिकल इन्शुरन्समध्ये दुसऱ्या देशात विमानाने हलवायचा खर्च धरलाय का बघा, लहान बेटांवर मोठी हॉस्पिटलं नसतात. परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग कागदावर छापून न्या, इमिग्रेशनला मागतात. आणि आपला सोलापुरी टॉवेल जरूर न्या पण जाड टर्किश नको, त्या दमट हवेत दोन दोन दिवस वाळत नाही, पातळ घ्या. मी एक चादर पण नेली होती, ती त्या आजींना देऊन आले.

तुम्हाला एवढीच विनंती की पुढच्या वेळी फोटोंबरोबर एक चौकट ट्रान्झिट व्हिसा, यलो फिव्हर आणि वादळांच्या तारखांची छापा. पुढच्या मे मध्ये कुणाला जायचं असेल तर पासपोर्ट आत्ताच काढून बघा, प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने तरी मुदत शिल्लक हवी, आणि यूकेच्या व्हिसाचं काम जानेवारीतच सुरू करा.

आपली,
एक नियमित वाचक, जुळे सोलापूर